मेटामटेरियलवर इन्फ्रारेडने रेणू पकडायचेत? पहिल्या चिपपासून पहिल्या खऱ्या सिग्नलपर्यंत

लॅबमध्ये नवीन आलात, गाईडनी चार पेपर हातात ठेवले आणि सांगितलं की सीरावर काम करायचंय, म्हणजे पृष्ठभागाच्या मदतीने वाढवलेलं इन्फ्रारेड शोषण, आणि तेही मेटामटेरियलवर, म्हणजे वेव्हलेंग्थपेक्षा लहान कोरलेल्या आकारांच्या रांगांनी बनलेल्या पृष्ठभागावर. पेपर वाचताना सगळं एकदम सरळ वाटतं, डिझाइन केलं, बनवलं, मोजलं, ॲटोमोल (मोलचा १० चा उणे १८ वा घात इतका भाग) दिसलं, झालं. मधे कुठे कुठे गाडी अडते ते कोणी लिहीत नाही, म्हणून हे लिहितोय. सुरुवातीलाच एक सांगतो, स्पेक्ट्रममध्ये पीक दिसणं अजिबात अवघड नाही, ते पीक तुमच्याच रेणूचं आहे हे दाखवणं अवघड आहे. खालच्या सगळ्या स्टेप्स तेच डोक्यात ठेवून लावल्यात.

आधी थोडक्यात, हा खटाटोप कशाला

प्रत्येक रेणूचे बाँड ठरावीक फ्रिक्वेन्सीला हलतात आणि तेवढाच इन्फ्रारेड प्रकाश खातात. हे सगळं साधारण ४००० ते ४०० प्रति सेंमी या पट्ट्यात चालतं, म्हणजे २.५ ते २५ मायक्रॉन (प्रति सेंमीच्या आकड्याला वेव्हनंबर म्हणतात, म्हणजे एका सेंमीत किती लाटा मावतात; यापुढे मी त्याचा नुसता आकडा लिहीन, प्रति सेंमी धरून चाला). प्रॉब्लेम असा की रेणूंचा एक थर जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर जाड आणि प्रकाशाची वेव्हलेंग्थ काही मायक्रॉन, त्यामुळे दोघांची गाठच नीट पडत नाही आणि सिग्नल नावाला येतो. भर दुपारच्या उन्हात पणती लावून ती दिसते का बघण्यासारखं आहे.

१९८० मध्ये हार्टस्टीन, किर्टली आणि त्सांग यांनी दाखवलं की पातळ धातूच्या थराजवळ हे शोषण वाढतं. त्यानंतर लोक आपसूक तयार होणाऱ्या धातूच्या बेटांवरून मुद्दाम कोरलेल्या अँटेनांवर आले (ठरावीक वेव्हलेंग्थला जोरात प्रतिसाद देणारे धातूचे तुकडे, त्या प्रतिसादालाच रेझोनन्स म्हणतात), २००८ मध्ये सोन्याच्या एकेकट्या नॅनोवायरवर ऑक्टाडिकेनथायोल (थायोल म्हणजे टोकाला गंधक असलेला, सोन्याला चिकटणारा रेणू) दिसलं, २०१२ मध्ये फानो रेझोनन्सवाल्या (तिरप्या आकाराचा टोकदार रेझोनन्स) मेटामटेरियलवर प्रोटीनचे थर मोजले गेले, आणि २०१५ मध्ये जपानच्या रिकेनच्या संशोधकांनी मेटामटेरियल अब्सॉर्बर (ठरावीक वेव्हलेंग्थचा प्रकाश जवळजवळ पूर्ण गिळणारी रचना) वापरून एका थायोलच्या एकेरी थराचा सिग्नल अगदी कमी बॅकग्राउंडवर दाखवला. तो शेवटचा प्रकार शिकायला सगळ्यात चांगला असं माझं मत, कारण त्यात रचना साधी आहे, खाली सोन्याचा आरसा, मधे मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ थर, वर सोन्याच्या पट्ट्या.

काय काय लागेल

- एफटीआयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम मोजणारं यंत्र), शक्यतो इन्फ्रारेड मायक्रोस्कोपसकट, आणि लिक्विड नायट्रोजनवर चालणारा एमसीटी (मर्क्युरी-कॅडमियम-टेल्युराइडचा) डिटेक्टर
- इन्फ्रारेडसाठीचा वायर-ग्रिड पोलरायझर (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश पुढे सोडणारी जाळी)
- कोरड्या हवेची किंवा नायट्रोजनची पर्ज लाईन (यंत्रातली ओली हवा बाहेर ढकलायला)
- ई-बीम लिथोग्राफी (इलेक्ट्रॉनच्या झोताने पॅटर्न काढणं), किंवा पट्ट्या मायक्रॉनभर रुंद असतील तर फोटोलिथोग्राफी किंवा लेझर रायटरही चालतो
- सोनं आणि फ्लोराइड चढवायला इव्हॅपोरेटर
- यूव्ही-ओझोन क्लीनर
- सिम्युलेशनसाठी काहीही एक, मीप नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, नाहीतर लॅबमध्ये जे लायसन्स असेल ते
- थायोल, चांगल्या प्रतीचं इथेनॉल, आणि झाकणवाल्या स्वच्छ काचेच्या बाटल्या
- सेम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप), कारण बनलेल्या पट्टीची खरी रुंदी तुम्ही काढलेल्या रुंदीएवढी कधीच नसते

कागदपत्रांमध्ये क्लीनरूमचं ट्रेनिंग पूर्ण झाल्याची नोंद आणि वापरणाऱ्या प्रत्येक केमिकलचं सेफ्टी डेटा शीट, हे दोन्ही आधीच करून ठेवा, स्लॉट मिळाल्यावर पळापळ नको.

१. आधी रेणू, मग डिझाइन

बहुतेक नवीन लोक उलटं करतात, सुंदर रेझोनेटर काढतात आणि मग त्यावर काय दिसेल ते शोधत बसतात. तुम्हाला नक्की कुठला बाँड बघायचाय तो आकडा आधी भिंतीवर लिहून ठेवा. सी-एच स्ट्रेच (कार्बन-हायड्रोजन बाँडचं ताणणं) २८५० ते २९६० मध्ये, कार्बोनिल १७३० च्या आसपास, प्रोटीनचं अमाइड-एक १६५० आणि अमाइड-दोन १५५० च्या जवळ, नायट्राइल २२०० च्या जवळ. वेव्हलेंग्थ काढायला १०००० ला या आकड्याने भागा, उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. २९०० म्हणजे साधारण ३.४५ मायक्रॉन, १६५० म्हणजे ६.०६.

पहिला रेणू म्हणून लांब साखळीचा थायोल घ्या. तो सोन्यावर स्वतःहून एकच थर करून बसतो, जाडी माहीत असते, घनताही माहीत असते (एका चौरस नॅनोमीटरला साधारण ४.६ रेणू), त्यामुळे पुढे हिशोब करता येतो. पहिल्याच दिवशी प्रोटीन किंवा खऱ्या सॅम्पलच्या मागे लागू नका.

२. सबस्ट्रेट निवडा

साधी काच विसरा, ४-५ मायक्रॉनच्या पुढे ती आंधळी होते. ट्रान्समिशनमध्ये मोजायचं असेल तर कॅल्शियम फ्लोराइड किंवा सिलिकॉन. कॅल्शियम फ्लोराइड ८-९ मायक्रॉनपर्यंत छान चालतं पण ते ठिसूळ आहे आणि एकदम गरम केलं की तडकतं, हॉटप्लेटवर थेट ठेवू नका, हळूहळू तापमान चढवा आणि उतरवताना पण घाई नको. शिवाय ते इन्सुलेटर आहे, ई-बीमखाली चार्ज होऊन पॅटर्न सरकतो, म्हणून रेझिस्टवर (ज्यात पॅटर्न काढतात तो प्लास्टिकचा थर) कंडक्टिव्ह थर द्यावा लागतो. सिलिकॉनला हे दुखणं नाही पण ११०० च्या आसपास ऑक्साइड आणि आतल्या ऑक्सिजनची शोषणं येतात.

अब्सॉर्बर करणार असाल तर हा प्रश्नच जवळजवळ सुटतो, खाली १०० नॅनोमीटर किंवा जास्त सोनं असलं की प्रकाश खाली पोचतच नाही, मग साधा सिलिकॉन वेफर पुरतो. सोन्याच्या थरामुळे ई-बीमचं चार्जिंगही कमी त्रास देतं.

३. डिझाइन, इथे जरा थांबा

साध्या रॉड अँटेनासाठी ढोबळ नियम असा की वेव्हलेंग्थला इफेक्टिव्ह इंडेक्सच्या (रॉडभोवतीचा सरासरी अपवर्तनांक) दुपटीने भागलं की लांबी येते. कॅल्शियम फ्लोराइडवर हवा आणि सबस्ट्रेटची सरासरी धरली तर इफेक्टिव्ह इंडेक्स १.२ च्या आसपास येतो, म्हणजे सी-एच साठी रॉड साधारण १.४ मायक्रॉन. प्रत्यक्षात टोकांच्या परिणामामुळे यापेक्षा थोडा आखूड लागतो, ते सिम्युलेशनमध्ये कळतं. ॲरेचं अंतर असं ठेवा की सबस्ट्रेटच्या इंडेक्सने गुणलं तरी ते वेव्हलेंग्थपेक्षा कमी राहील, नाहीतर डिफ्रॅक्शन सुरू होतं आणि स्पेक्ट्रममध्ये नको ते कोपरे येतात.

अब्सॉर्बरमध्ये खेळ मधल्या थराच्या जाडीचा आहे. रेझोनेटरमधून ऊर्जा दोन वाटांनी जाते, एक परत बाहेर प्रकाश म्हणून आणि दुसरी धातूत उष्णता म्हणून. दोन्ही वाटा सारख्या झाल्या की रिफ्लेक्शन शून्याला जातं, यालाच क्रिटिकल कपलिंग म्हणतात. थर पातळ केला की बाहेर जाणारी वाट अरुंद होते, जाड केला की रुंद.

आता यातली मेख. सगळ्यांना वाटतं रिफ्लेक्शन जितकं शून्याजवळ तितकं भारी. बॅकग्राउंड कमी होतं हे खरं, आणि तुमचा नॉइज जर डिटेक्टरवर येणाऱ्या प्रकाशाबरोबर वाढणारा असेल (सोर्सचं हलणं वगैरे) तर त्याचा थेट फायदा होतो. पण बरोब्बर क्रिटिकल बिंदूवर रेणूमुळे वाढलेलं थोडंसं शोषण रिफ्लेक्शन पहिल्या ऑर्डरमध्ये बदलतच नाही, कर्व्हचा तळ सपाट असतो ना. तुमचा नॉइज डिटेक्टरचा स्वतःचा असेल तर थोडं बाजूला थांबणं जास्त फायद्याचं. कुठल्या बाजूला तेही महत्त्वाचं: थर पातळ असेल (अंडरकपल्ड) तर रेणूच्या वेव्हनंबरला रिफ्लेक्शन वर जातं, जाड असेल (ओव्हरकपल्ड) तर खाली येतं. म्हणजे सेम रेणू, सेम सोनं, आणि सिग्नलची दिशा उलटी. हे माहीत नसलं की माणूस डेटा फेकून देतो.

दुसरी मेख म्हणजे हॉटस्पॉट (प्रकाशाचं विद्युत फील्ड सगळ्यात तगडं असलेली जागा) कुठे आहे ते. सँडविच रचनेत सगळ्यात तगडं फील्ड मधल्या थराच्या आत असतं आणि तिथे तुमचा रेणू जाऊच शकत नाही! रेणूच्या वाट्याला येतात पट्टीच्या कडा. म्हणून सिम्युलेशनमध्ये कमाल फील्ड किती आलं हे बघून खुश होऊ नका, जिथे रेणू बसतो त्या पृष्ठभागावर फील्ड किती आहे ते काढा. काही लोक मधला थर कडेने थोडा कोरतात म्हणजे रेणू आत शिरतात, ते पुढच्या राउंडला.

शार्प रेझोनन्सचा मोह पण सांभाळून. २०१८ मध्ये पिक्सेलवाल्या डायइलेक्ट्रिक मेटासरफेसने मॉलिक्युलर बारकोडिंग दाखवलं, काम जबरदस्त आहे, पण असे रेझोनन्स अँगलला फार हळवे असतात आणि तुमच्या मायक्रोस्कोपचं कॅसेग्रेन ऑब्जेक्टिव्ह सरळ प्रकाश टाकतच नाही, तिरक्या कोनांचा शंकू टाकतं. मग कागदावरचा सुईसारखा रेझोनन्स मोजताना पसरट होतो. सोन्याच्या पट्ट्या याबाबतीत बऱ्याच सहनशील आहेत.

४. एकच ॲरे नको, शिडी करा

ही स्टेप टाळू नका, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. एकाच चिपवर पट्टीची रुंदी थोडी थोडी बदलत पाच-सात ॲरे करा, म्हणजे रेझोनन्स रेणूच्या पीकच्या अलीकडून पलीकडे सरकत जाईल. शेजारी एक पूर्ण कोरा सोन्याचा चौकोन रेफरन्ससाठी, आणि एक ॲरे मुद्दाम खूप लांब ट्यून केलेला. ॲरे मायक्रोस्कोपच्या ॲपर्चरपेक्षा मोठा ठेवा, १०० मायक्रॉनचा चौकोन असेल तर ॲपर्चर त्याच्या आतच राहू दे.

का, तर रेझोनन्स रुंदीप्रमाणे सरकतो पण रेणूचं कंपन जागचं हलत नाही. वेगवेगळ्या ॲरेंवर तुमचा खाचा (रेझोनन्सवर रेणूमुळे उमटणारी बारीक खूण) त्याच वेव्हनंबरला चिकटून राहिला, फक्त आकार बदलत गेला (एका बाजूला तिरपा, मधे सरळ, दुसऱ्या बाजूला उलट तिरपा), तर समजा काहीतरी खरं हाती लागलंय.

५. बनवणं

पीएमएमए (हाच तो रेझिस्ट) स्पिन, एक्सपोज, एमआयबीके आणि आयपीए या सॉल्व्हंटांच्या एकास तीन मिश्रणात डेव्हलप, मेटल, लिफ्ट-ऑफ (रेझिस्ट विरघळवून त्यावरचा नको तो धातू काढणं). प्रोसेस प्रत्येक क्लीनरूमची स्वतःची असते, तिथल्या ऑपरेटरचं ऐका. मी फक्त नडणाऱ्या गोष्टी सांगतो.

चिकटण्यासाठी टायटॅनियम किंवा क्रोमियम लागतो, पण २-३ नॅनोमीटरच, जास्त चढवलात तर रेझोनन्स रुंद आणि बोथट होतो. डोस टेस्ट (इलेक्ट्रॉनचा झोत किती द्यायचा त्याची चाचणी) आधी करा. लिफ्ट-ऑफला ॲसिटोनमध्ये चिप टाकली की मधेच बाहेर काढून वाळू देऊ नका, सोन्याचे तुकडे परत चिकटले की निघत नाहीत. आणि पीएमएमए थोडाही राहिला तर त्याचं कार्बोनिल १७३० ला आणि सी-एच २९५० ला, म्हणजे रेणू लावायच्या आधीच चिपवर रेणू हजर.

६. साफ करा, आणि साफ झालंय हे मोजून बघा

यूव्ही-ओझोनमध्ये ठेवा, मग इथेनॉलने भरपूर धुवा, कारण ओझोनमुळे सोन्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि इथेनॉल तो घालवतं. मग लगेच त्या स्वच्छ चिपचे स्पेक्ट्रम प्रत्येक ॲरेवर घ्या. हा "आधीचा" डेटा नसेल तर "नंतरच्या"ला काही अर्थ नाही.

पिरान्हा (सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण) वापरायचा विचार डोक्यातून काढा. सॉल्व्हंटबरोबर तो फुटू शकतो हे सगळे सांगतातच, शिवाय तो टायटॅनियम खातो, आणि फ्लोराइडच्या चिपवर सल्फ्युरिक ॲसिड टाकलं की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, तो जिवावर बेतणारा प्रकार आहे.

७. थर बसवणं

एक मिलिमोलर थायोल इथेनॉलमध्ये, चिप त्यात रात्रभर, साधारण १८ ते २४ तास. टोकाला ॲसिड ग्रुप असलेला थायोल असेल तर त्यात थोडं ॲसेटिक ॲसिड घाला, नाहीतर हायड्रोजन बाँडमुळे पहिल्या थरावर दुसरा थर चढून बसतो आणि तुमचा "एकेरी थर" एकेरी राहत नाही. बाहेर काढून इथेनॉलने धुवा, नायट्रोजनने वाळवा. फ्यूम हूडमध्येच करा, वास कपड्यांना धरतो आणि शेजारचे बोलतात.

चिप जेलच्या चिकट डबीत ठेवू नका. त्यातलं सिलिकोन सरपटत चिपवर येतं आणि १२६० ला, १००० ते ११०० मध्ये आणि ८०० च्या आसपास पीक देतं. १२६० ला टोकदार पीक दिसलं की आधी डबीवर संशय घ्या.

८. मोजणं

रिझोल्यूशन ४ पुरतं. घन थरातले बँड मुळातच १०-२० रुंद असतात, १ ला जाऊन फायदा काही नाही, उलट ट्रान्समिशनवाल्या चिपवर सबस्ट्रेटच्या दोन बाजूंमधले फ्रिंजेस (परावर्तनं एकमेकांत मिसळून येणाऱ्या लाटा) दिसायला लागतात आणि नॉइज वाढतो तो वेगळाच. स्कॅन वाढवले की नॉइज वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतो, चौपट स्कॅनला निम्मा, पण मशीन हळूहळू वाहत असतं म्हणून एकदम हजारो स्कॅन घेण्यापेक्षा रेफरन्स, सॅम्पल, रेफरन्स, सॅम्पल असं आलटून पालटून घ्या.

पर्ज किती वेळ? पाण्याच्या वाफेच्या सुया साधारण १३०० ते १९०० मध्ये येतात, म्हणजे अमाइड-एकच्या अगदी डोक्यावर, आणि कार्बन डायऑक्साइड २३४९ ला. या सुया बॅकग्राउंडमध्ये आणि सॅम्पलमध्ये सारख्या राहीपर्यंत थांबा, घड्याळ बघून नाही, स्पेक्ट्रम बघून ठरवा. ३२०० च्या जवळ रुंद खड्डा कायम दिसत असेल तर तो सॅम्पलचा नसून एमसीटीच्या ड्यूअरमध्ये (त्याला थंड ठेवणारं व्हॅक्यूमचं भांडं) साठलेल्या बर्फाचा असू शकतो, व्हॅक्यूम परत काढावा लागतो. आणि कोऱ्या सोन्यावरून इतका प्रकाश येतो की एमसीटी सरळ रेषेत वागणं सोडतो, सिग्नल कमी करून तपासा की प्रमाण तेच राहतंय का.

पोलरायझर आधी पट्टीच्या आडव्या दिशेने लावा, मग ९० अंश फिरवून परत मोजा. पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने तो रेझोनन्स उठत नाही, म्हणून सिग्नल जवळपास गायब व्हायला हवा. फुकटातला कंट्रोल आहे हा, सोडू नका.

९. स्पेक्ट्रम वाचणं

थर बसल्यावर दोन गोष्टी होतात. सगळा रेझोनन्स थोडा कमी वेव्हनंबरकडे सरकतो कारण हवेच्या जागी आता काहीतरी आहे, हे कुठल्याही कचऱ्याने होतं, त्यात रेणूची ओळख नाही. आणि रेझोनन्सवर बारीक खाचा उमटतात, ओळख त्यात आहे. आधीचा आणि नंतरचा थेट भागाकार केला की सरकण्यामुळे मोठी लाट येते, तिच्यावर खाचा हरवतो. म्हणून एकतर स्मूथ बेसलाइन बसवा किंवा कपल्ड-मोड मॉडेलने (रेझोनन्स आणि रेणूचं कंपन एकमेकांना जोडलेले धरणारं गणित) फिट करा, दुसरं जास्त प्रामाणिक.

खाच्याचा तळ म्हणजेच कंपनाची फ्रिक्वेन्सी असं धरू नका, रेझोनन्स बाजूला असेल तर लाइनशेप तिरपा होतो आणि तळ काही आकड्यांनी सरकतो. थायोलची साखळी नीट उभी आणि रांगेत आहे की विस्कटलेली, हे २९१८ आणि २९२५ एवढ्या फरकावरून सांगतात, म्हणजे इथे सात आकड्यांची चूक परवडत नाही. तसंच धातूजवळ पृष्ठभागाला लंब असलेलीच कंपनं उठून दिसतात. साखळी जितकी ताठ उभी तितकी तिची सी-एच-दोन कंपनं पृष्ठभागाला समांतर, त्यामुळे थर जितका चांगला तितका सिग्नल कमी असा विचित्र प्रकार होऊ शकतो, घाबरू नका.

आता सगळ्यात मोठा सापळा. लॅबच्या हवेतला तेलकट कचरा पण सी-एचनेच भरलेला आहे. स्वच्छ चिप टेबलावर उघडी ठेवली तरी २८५० आणि २९२० ला काहीतरी उगवतं, आणि तुमचा थायोलही तिथेच. उपाय दोन: एक, नुसत्या इथेनॉलमध्ये तेवढाच वेळ बुडवलेली जुळी चिप कायम सोबत ठेवा. दोन, ड्यूटेरियमवाला (जड हायड्रोजनवाला) थायोल मिळाला तर घ्या, त्याचे सी-डी बँड साधारण २०५० ते २२२० मध्ये जातात, तिथे हवेतला कचरा काही देत नाही (तुमची चिप मात्र त्या जागेला ट्यून हवी).

१०. आकडा सांगायच्या आधी

"ॲटोमोल दिसलं" म्हणजे काय ते एकदा कागदावर करून बघा. १०० मायक्रॉनच्या चौकोनात पूर्ण थर असेल तर ४.६ गुणिले १० चा १० वा घात इतके रेणू, म्हणजे साधारण ७६ फेम्टोमोल. एक ॲटोमोल म्हणजे जवळपास ६ लाख रेणू, ते जेमतेम ०.१३ चौरस मायक्रॉनवर मावतात. म्हणजे ॲटोमोलचे आकडे बहुतेक वेळा फक्त हॉटस्पॉटमधले रेणू मोजून येतात. चूक नाही त्यात, पण हॉटस्पॉटची हद्द कुठे धरली ते लिहावं लागतं, कारण हद्द आवळली की एनहान्समेंट फॅक्टर (सिग्नल किती पट वाढला तो आकडा) हवा तेवढा फुगवता येतो. मी दोन्ही आकडे देतो, सगळा पृष्ठभाग धरून आणि कडा धरून, आणि त्यासोबत सपाट सोन्यावर तिरक्या कोनाने घेतलेला त्याच थराचा स्पेक्ट्रम. रिव्ह्यूअरचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

११. पाण्यात जायचं असेल तर

कोरड्या चिपवर शिडीवाला पॅटर्न, पोलरायझर आणि जुळी चिप हे तिन्ही जुळले की मगच. पाण्याचं स्वतःचं शोषण १६४० ला, अमाइड-एकच्या छातीवरच. ट्रान्समिशनमध्ये पाण्याचा थर १० मायक्रॉनच्या आत ठेवावा लागतो, त्यापेक्षा कॅल्शियम फ्लोराइडच्या सबस्ट्रेटच्या मागच्या बाजूने प्रकाश टाकून रिफ्लेक्शन घेणं सोपं, कारण फील्ड पृष्ठभागापासून थोड्याच अंतरापर्यंत पसरलेलं असतं आणि बाकीचं पाणी फारसं दिसत नाही. पण यासाठी तळाला आरसा असलेला अब्सॉर्बर चालत नाही, प्रकाश मागून येणारच नाही, तेव्हा साध्या अँटेना ॲरेवर परत यावं लागतं, आणि पाण्यात इंडेक्स वाढल्यामुळे रॉड कोरड्या डिझाइनपेक्षा आखूड काढावे लागतात. जड पाणी (हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असलेलं) वापरलं तर त्याचा तो बँड १२१० च्या जवळ जातो आणि अमाइडची जागा मोकळी होते, फक्त प्रोटीनमधले हायड्रोजनही बदलतात आणि अमाइड-दोन खाली सरकतो, तेव्हा कोरड्या स्पेक्ट्रमशी तुलना करताना तेवढं बघून घ्या.